भयकुलूप

रमाकांत गावंडे घाबरट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे साऱ्या राज्यानं त्याला घाबरलेला माणूस म्हणूनच ओळखलं. देऊळखेडच्या तहसील कचेरीत तो नायब तहसीलदार होता. पन्नाशी उलटलेली, अंगानं दणकट. रेतीचोरांचा ट्रॅक्टर अंगावर येत असताना नदीच्या वाटेत पाय रोवून उभा राहिलेला माणूस तो. घाबरट नव्हता, पण तापट होता. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि कचेरीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्या वर्षी सरकारनं शस्त्रांचा नवा नियम काढला. कारणही तसंच घडलं होतं. एका तलाठ्याला भर कचेरीत कोयत्यानं तोडलं, दुसरीकडे एका मंडळ अधिकारी बाईंना गाडीखाली घातलं, आणि कर्मचाऱ्यांनी राज्यभर काम बंद केलं. मग नियम आला. बाहेरच्या माणसानं कचेरीत कुठलंही हत्यार आणायचं नाही; अडकित्ता असला तरी फाटकावर जमा करायचा. आतल्या अधिकाऱ्यांनी मात्र कामाच्या वेळात कमरेला पिस्तूल लावायचं. लावायचंच, इच्छा असो वा नसो. प्रत्येक कचेरीत नियम पाळला जातो की नाही हे बघायला एक अधिकारी नेमला, आणि देऊळखेडला ते काम गावंडेच्या गळ्यात पडलं.

आता कोणी विचारेल, की तापट माणसाच्या कमरेला पिस्तूल देणारं सरकार वेडं होतं की काय? नव्हतं. त्या पिस्तुलाला भयकुलूप होतं.

माणूस भ्याला काय किंवा संतापला काय, छाती दोन्ही वेळा धडधडते. त्यामुळे नुसत्या नाडीवरून काही कळत नाही. पण रागात रक्त हातांकडे धावतं आणि हात गरम होतात. भीतीत बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात, घामातली द्रव्यंही बदलतात. पुण्याच्या डॉ. शाल्मली नेने यांनी या सगळ्या खुणा एकदम वाचणारा मनगटी पट्टा तयार केला. पट्टा पिस्तुलाशी बोलायचा. धनी खरोखर भ्यालेला असेल तरच कुलूप उघडायचं, आणि उघडलं की पट्टा मनगटावर थरथरून तसं कळवायचा. नुसता रागावलेला माणूस चाप ओढून ओढून बोट मोडून घेईल, पण गोळी सुटणार नाही.

चाचण्यांमध्ये एकच अडचण आली. भ्यालेल्या माणसाच्या हातात पिस्तूल आलं की त्याला धीर यायचा, हात गरम व्हायचे, आणि कुलूप ऐन वेळी बंद पडायचं. म्हणून एकदा उघडलेलं कुलूप काही मिनिटं उघडंच राहावं अशी सोय केली. सोय चांगल्या मनानं केलेली होती.

या कुलपावर कायदा उभा राहिला. कुलूप उघडलं याचा अर्थ भीती खरी होती, आणि भीती खरी असेल तर गोळी रास्त होती. पट्ट्याची नोंद न्यायालयात शेवटचा शब्द. साक्षीदार फितूर होतात, यंत्र होत नाही, असं सगळ्यांना वाटलं, आणि बरंही वाटलं.

पण आपले लोक कसे असतात ते बघा. रागात हे पिस्तूल चालत नाही हे एकदा अनुभवाला आलं, आणि कचेऱ्यांना एक घाणेरडी खोड लागली. कोणी अर्जदार हुज्जत घालायला लागला की साहेब पिस्तूल काढून टेबलावर ठेवायचे. पुढे पुढे तेही कमी वाटायला लागलं. मग समोरच्यावर रोखून चाप ओढायचा. खट्ट असा कोरडा आवाज यायचा, समोरचा माणूस दचकून मागे सरायचा आणि बाकीची टेबलं हसायची. नियमात हे बसत नव्हतं. पण कुलूप आहे ना, मग काय होतंय, असं जो तो म्हणायचा. नियम पाळायला लावणारा गावंडे तर या खट्टखट्टीत सगळ्यांच्या पुढे होता. दिवसातून एकदा तरी कोणावर तरी त्याचा चाप ओढला जायचाच.

अशात खंडेनवमी आली. नवरात्राच्या नवव्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या हत्याराची, अवजाराची पूजा करायची. कचेरीत संगणकांना, शिक्क्यांना, जीपला झेंडूची फुलं वाहिली होती. पिस्तूल कमरेवरून काढायचं नाही असा नियम, म्हणून अव्वल कारकून बाई प्रत्येकापाशी वाकून त्याच्या कमरेलाच हळदकुंकू लावत होत्या, आणि त्यावरून बरीच थट्टा चालली होती.

देऊळखेडच्या कचेरीची आणखी एक रीत होती. कचेरीची म्हणून एक जुनी तलवार होती आणि ती सावळी गावच्या इंगळे घराण्याकडे सांभाळायला असायची. खंडेनवमीला इंगळ्यांनी ती नागवी, टोकाला लिंबू खोचून, हळदीकुंकवानं माखून कचेरीत आणायची. तहसीलदारांनी तिला नमस्कार करायचा, मग ती परत जायची. अलीकडे ती तोताराम इंगळे आणत असे. तो सावळीचा निवृत्त कोतवाल.

तोतारामचं आणि गावंडेचं जुनं नातं होतं. गावंडे पहिल्यांदा तलाठी म्हणून नोकरीला लागला तो सावळीलाच. तेव्हा याच तोतारामनं त्याला शिवार पायाखालून घालून दाखवलं, कोणाचा बांध कुठून सरकलाय ते शिकवलं, तापानं फणफणला तेव्हा आपल्या घरी नेऊन निजवलं. गावंडे ते विसरला नव्हता. पण तोताराम त्याला अजूनही 'रमा' म्हणायचा, अरेतुरे करायचा, आणि तेही भर कचेरीत, शिपायांसमोर, अर्जदारांसमोर. साहेब झालेल्या माणसाला ते बोचायचं. दर वेळी बोचायचं, आणि दर वेळी तो ते हसण्यावारी न्यायचा.

या वर्षी गावंडेनं त्याला आधीच फोन करून सांगितलं होतं, की नवा नियम आहे, तलवार आणू नका. तोताराम हो हो म्हणाला होता. पण हत्यार कचेरीत आणायचं नाही हे लोकांसाठी. ही तलवार कचेरीचीच, ती आपल्या घरी यायला कोणाची परवानगी कशाला, असा त्याचा हिशेब. फाटकावरच्या पहारेकऱ्याचाही तोच. त्यानं तलवारीला हात जोडले आणि आत सोडलं.

नेमका त्याच वेळी गावंडेचा फोन वाजला. त्याची मुलगी ऋतुजा अकोल्याला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि गावंडे आदल्या रात्रीपासून घास गिळू शकला नव्हता. फोनवर जावई होता. बाळाचे ठोके मंदावलेत, ऋतुजाचं रक्त थांबत नाही, तिला आत नेलंय, माझी सही मागताहेत, एवढं तो कसाबसा म्हणाला आणि फोन तुटला. गावंडेनं परत लावला तर लागेना. आत रेंज नीट मिळत नाही म्हणून तो धावत ओसरीवर आला. हातपाय गार पडले होते, घाम सुटला होता. मनगटावर काही थरथरलं, ते फोनचंच असं समजून त्यानं पुन्हा फोनकडे पाहिलं. फोन मुका होता.

आणि समोर पायऱ्या चढत तोताराम येत होता. हातात नागवी तलवार, टोकाला लिंबू, मागे पाचपन्नास बघे.

गावंडेनं ओरडून त्याला थांबायला सांगितलं. आत्ता नको, मागे फिरा, असं दोनदा सांगितलं. तोताराम हसला.

"सरक रे रमा," तो म्हणाला. "तुह्या आंधीपासून येते हे आतमंदी. तू कोन आडवनारा?"

बघे खो खो हसले. मुलगी तिकडे टेबलावर पडलेली, फोन लागत नाही, आणि हा म्हातारा सगळ्यांदेखत आपली शोभा करतोय. गावंडेच्या डोक्यात सणक गेली. रोजच्या सवयीनं त्यानं पिस्तूल काढलं, रोजच्या सवयीनं रोखलं आणि चाप ओढला. त्याला खट्ट ऐकू यायला हवं होतं.

तोताराम पायरीवर बसला, बसल्यासारखाच वाटला आधी, आणि मग आडवा झाला. गावंडे धावला, गुडघ्यावर बसला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोतारामला काय झालं ते कळलंच नव्हतं. तो गावंडेच्या तोंडाकडे बघत होता आणि बघता बघता गेला. त्यानंतर फोन वाजला. कोणीतरी तो गावंडेच्या कानाला लावला. मुलगी झाली होती, आणि बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या.

पोलिसांनी पट्टा काढून नेला. आठवड्याच्या आत न्यायालयाचा निकाल आला. पट्ट्यातला भीतीचा आलेख इतका स्वच्छ, इतका उंच होता, की असा आलेख प्रयोगशाळेतही मिळाला नव्हता म्हणे. नंतर हात गरम झाले होते, पण ते पिस्तूल हातात आल्यानं धीर आला म्हणून. तशी कल्पना आधीच केलेली होती. समोर नागवी तलवार होती, धोक्याची सूचना दोनदा दिलेली होती. गोळी रास्त ठरली. गावंडेला कामावर हजर व्हायला सांगितलं, आणि कर्मचारी संघटनेनं त्याच्या फोटोचा फलक चौकात लावला.

गावंडेनं सगळ्यात आधी बायकोला खरं सांगितलं. आपण तोतारामला भ्यालोच नव्हतो, भीती ऋतुजाची होती, चाप मात्र रागानं ओढला. वृंदानं उठून दार लावून घेतलं. मग तिनं हे बाहेर कुठे बोललात का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, अशा निकालांवर नजर ठेवणारी एक चौकशी समिती मुंबईला आहे, तिच्यापुढे बोलणार आहे.

"म्हणजे उद्या ऋतुजाला कळणार, की ती मरत होती म्हणून तुमचं पिस्तूल उघडलं," वृंदा म्हणाली. "तिनं काय करायचं मग? पोरीचा वाढदिवस करायचा, की त्या माणसाचं वर्षश्राद्ध घालायचं? तुम्हाला मोकळं व्हायचंय, ते कळतं मला. पण तिच्या गळ्यात नका बांधू हे."

तिचं चूक होतं असं कोण म्हणेल? गावंडेला त्या रात्री झोप लागली नाही, पुढच्याही नाही. नातीला बघायला अकोल्याला गेला तेव्हा ऋतुजानं बाळ त्याच्या हातात द्यायला पुढे केलं, आणि त्यानं सर्दीचं निमित्त करून हात मागे घेतले. ऋतुजाला वाटलं, बाबा अजून त्या तलवारीच्या धक्क्यात आहेत. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. भिऊ नका बाबा आता, म्हणाली. ते त्याला सोसवलं नाही. परतीच्या वाटेवरच त्यानं ठरवलं, आणि वृंदाला न सांगता तो मुंबईला समितीपुढे उभा राहिला.

समितीत तिघे होते, त्यात डॉ. शाल्मली नेने होत्या. गावंडेनं काही हातचं राखून न ठेवता सगळं सांगितलं. फोन कधी आला, काय ऐकलं, कसला राग आला. रोज कचेरीत लोकांवर चाप ओढायची खोड होती, तेही सांगितलं. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पाणी मागवलं, आणि अशा प्रसंगानंतर माणूस स्वतःला दोष देतो, हे नैसर्गिक आहे, म्हणून समजूत घातली. फोन आला होता हे त्यांना मान्य होतं. पण भीती फोनची की तलवारीची हे आता कोण सांगणार? तुम्ही स्वतः सांगितलंत तरी ते तुमचं मत झालं, आणि पट्ट्याची नोंद हा पुरावा झाला. कायद्यानं मताला पुराव्यापुढे किंमत नव्हती.

दार लोटून तो बाहेर पडला, तशा डॉ. नेने त्याच्यामागून आल्या. बाई थकलेल्या दिसत होत्या.

"यंत्र भीती मोजतं," त्या म्हणाल्या. "कशाची भीती, ते त्याला कळत नाही. मी हे पहिल्या दिवसापासून सांगत आले. आणि तुमचा आलेख आता नमुना म्हणून राज्यभरच्या सगळ्या कुलपांत घातलाय, गावंडे. खरी भीती ओळखायला ती कुलपं तुमच्याकडून शिकताहेत. भीतीपाठोपाठ येणारा तो रागसुद्धा, भीतीच म्हणून."

ते काढता येणार नाही का, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, काढायचं तर तो आलेख चुकलाय असं कोणीतरी मान्य करावं लागेल, आणि ते मान्य केलं तर पट्ट्याच्या नोंदीवर आजवर सुटलेली सगळी माणसं पुन्हा पिंजऱ्यात उभी करावी लागतील. मग त्यांनी त्याला नमस्कार केला आणि त्या आत गेल्या. गावंडे त्या लांबलचक व्हरांड्यात उभा राहिला. ज्याला गुन्हा कबूल करायचाय त्याची कबुली घ्यायला राज्यात कोणी नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

एकच दार उरलं होतं. तोतारामची बायको, कौसाबाई. तापात ज्या घरी तो निजला होता त्या घरची धनीण. न्यायालयानं नाही तर नाही, तिनं तरी आपल्याला शिव्या घालाव्यात, तोंडावर थुंकावं, तिच्या पोरानं चार लाथा घालाव्यात. एवढ्या एका आशेवर तो सावळीला गेला.

कौसाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं त्याला पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि बसायला पोतं टाकलं. शिव्या नाहीत, रडणं नाही. तिनं साहेब म्हणून हाक मारली, अहोजाहो केलं. पूर्वी ती त्याला बापू म्हणायची. पाणी दिलं. मग समोर बसली आणि तिनंच आधी विचारलं.

"मले येकच सांगा. त्याइनं असं काय केलं तवा, का तुमाले येवढं भेव वाटलं?"

गावंडेला कळेना. मग हळूहळू तिच्या बोलण्यातून कळत गेलं. गावात सगळे म्हणत होते, यंत्र खोटं बोलत नाही. साहेब एवढा भ्याला तर म्हाताऱ्यानं तलवार उगारली असणार, डोळ्यांत तसं काही दिसलं असणार. बघे होते त्यांनाही आता तसंच आठवायला लागलं होतं. पोरानं तर तिला मोबाईलवर तो आलेखच दाखवला होता, रेघ कशी सरळ वर चढत जाते ती. उभ्या जन्मात या माणसानं आपल्यावर हात उगारला नाही, बैलाला पराणी टोचली नाही, आणि त्याला पाहून रेतीवाल्यांना न भिणारा माणूस असा भ्याला. मग आपण इतकी वर्षं कोणासोबत संसार केला, असं ती स्वतःला विचारत होती.

गावंडेनं तिचे पाय धरले. त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, पुन्हा पुन्हा. तोतारामनं काही केलं नाही. तो हसत होता. भीती माझ्या पोरीची होती, आणि मारलं मी रागानं, त्यानं मला रमा म्हटलं म्हणून. तुमचा माणूस होता तसाच होता, शेवटपर्यंत तसाच होता. यातलं काहीही खोटं असेल तर माझ्या नातीचं वाटोळं होवो, असंही तो बोलून गेला.

कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिचे डोळे भरून आले, आणि गावंडेला वाटलं, पटलं हिला. तिनं त्याचे हात आपल्या पायांवरून सोडवले.

"तुमी लय चांगले हा साहेब," ती म्हणाली. "मेलेल्या मानसाचं नाव राखाले तुमी सोतावर घेऊन राह्यले. त्याइचं मीठ खाल्लं व्हतं तुमी, ते ध्यानात ठेवलं. पन मशीन काहून खोटं बोलन? तिले का कोनाचं मीठ लागते?"

तो पुन्हा बोलायला लागला. ती मान हलवत राहिली. मग तिनं सूप मांडीवर ओढून घेतलं आणि खाली बघतच म्हणाली, "येक करा. पुन्हा नका येऊ. तुमी असं बोलले का मले तो पह्यल्यासारखा वाटाले लागते. मंग ते रेघ आठवते. दर येळी नव्यानं नाही सोसवत मले."

गावंडे उठला. अंगणातून बाहेर पडेपर्यंत त्याला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बोलण्यासारखं जे होतं ते सगळं बोलून झालं होतं, आणि ते खरं होतं. येणार नाही, एवढंच तो म्हणाला. त्याच्या हातून पाळलं जाईल असं तेवढं एकच वचन आता शिल्लक होतं.